‘परम’वरच जीभ अडली

लोहा, रविवार संध्याकाळ

लकवा मारल्यापासून आज पहिल्यांदा चर्चमध्ये मंडळीपुढं प्रार्थना करायला उभा राहिलो. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळते म्हणून रुमाल हातातच होता. इतकी वर्षं करतो तशीच सुरुवात केली, ‘हे परमपवित्र...’ आणि ‘परम’वरच जीभ अडली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. सगळ्यांचे डोळे मिटलेले, तरी वाटलं सगळे माझ्याकडंच बघताहेत. रडू फुटलं. तोंडातून एवढंच निघालं, “देवा, माझ्याच्यानं होईना. तूच बघ.” आणि मटकन खाली बसलो. आमेनसुद्धा राहिलं.

पळून घरी यावं वाटत होतं, पण पहिल्या रांगेत बसणाऱ्या कोंडाबाई मावशींनी दारातच गाठलं. “मास्तर, इतकी वर्सं तुमची प्रार्थना ऐकायले, आज पहिल्यांदा कळली बघा. माझंबी देवाला तेच म्हणणं हाय. आमेन राहिलं व्हतं, ते मी म्हणले.”

म्हणजे ते परमपवित्र मी कुणाला ऐकवत होतो? देवाला? का स्वतःलाच? राग आला स्वतःचा. मग हसू आलं, तेही वाकडंच.

आत्ता सुनेनं विचारलं, पुढच्या रविवारी दुसऱ्या कुणाला उभं राहायला सांगायचं का?

नको म्हटलं. रुमाल तेवढा धुऊन ठेव.