सैन्यातला आराम

१२ जून

श्री. हवालदारसाहेबांस सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. फक्त तुमच्या लेकीच्या डोक्यात भूत शिरलंय. सैन्यात जाते म्हणते. पुढच्या महिन्यात भरती आहे. का म्हणून विचारलं, तर तुमचीच पत्रं पुढे करते. आराम आहे, जेवण गरम मिळतं, काळजी नसावी! वीस वर्षं तुम्ही ही थाप मारलीत आणि मी मान डोलावली. पोरगी मात्र खरं मानून बसली. तिला वाटतं, बाबा तिथे पाहुणचार झोडताहेत.

तेव्हा तिला जरा खरं लिहा. थंडी, पहारे, सगळं. मी मशीनवर शाळेचे गणवेश शिवत बसते, पण चित्त थाऱ्यावर नाही. आणखी एका माणसाची वाट बघायची ताकद माझ्यात नाही हो. सासूबाई नातीला फितूर आहेत. लोभ आहेच, तो जरा कामी आणा.

तुमची सौ.

३० जून

सौ. बाईसाहेबांस अनेक आशीर्वाद.

हुकमाप्रमाणे लेकीला लिहायला बसलो. चहा कपातच गोठतो, इथवर झकास जमलं. मग आठवलं, आमच्या आचाऱ्याने तो चहा फोडून खडीसाखरेसारखा वाटला होता. हसून हसून पुरेवाट झाली होती. तेही लिहून गेलो. शेवटी पत्र वाचलं, तर भरतीची जाहिरात झालेली. दुसरं काही लिहिता येईना, म्हणून तेच पोस्टात टाकलं.

ती इथे यावी असं मलाही वाटत नाही. पण नको म्हणायला मला तोंड कुठे आहे? आमचे साहेब माझी नोकरी दोन वर्षं वाढवून देतो म्हणतात. काय सांगू, ते कळव. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा हवालदार

१८ जुलै

सा. न. वि. वि.

तुमचं पत्र लेकीने मोठ्याने वाचलं. मला हसू आलं आणि तिथेच मी हरले. तिची निवड झाली. धावण्यात पहिली आली. मी रडले, लपवलं नाही. तेव्हा जवळ बसून म्हणाली, आरामाची थाप तिला कधीच पटली नव्हती. मी घाबरू नये म्हणून तिने ती माझ्यापुढे केली होती. बापाची शोभते.

जाऊ दे तिला. पण साहेबांना नाही म्हणून सांगा. तुमची वाट मी एकटीने पाहिली. तिची मी एकटी पाहणार नाही. निघून या. लोभ असावा, आणि आता तो घरात राहून असावा.

तुमची सौ.