आक्काची काळी चार

१२ जाने. ८४, निपाणी
विजेच्या ऑर्गनला तेल घातलं. मागची फळी काढली की आतली दाती चाकं दिसतात, एका दांड्यावर ओवलेली. तेल मुरेपर्यंत सुट्टी संपत आली. संध्याकाळी व्हॉल्व्ह तापल्याचा तो धुळकट वास आला, अनवाणी पायानं खालची दांडी दाबली आणि खर्ज पोटात घुमला. विजेच्या सबस्टेशनात महिनाभर ड्यूट्या करायच्या त्या ह्यासाठीच.
आक्का न्हाणीत गुणगुणत होती. पाणी पडलं की माझी ही थोरली बहीण गुणगुणणार, लहानपणापासून ऐकतोय. केस पुसतच बाहेर आली. "दे काळी चार."
चां. म्हटलं (तिचं चांदण्याचं गाणं, रेडिओवरचं जुनं). मधे दोनदा खोकली. सूर मात्र बसला.

२० जाने.
आप्पा तबला घेऊन आले. बोरगावचे, तंबाखूचे व्यापारी, पण जीव सगळा तबल्यात. दुकानातल्या हातपेटीवर तबला काळी चारला लावूनच निघतात. आज हातोडी घेऊन तबला उतरवत बसले. "बाळू, तुझा ऑर्गन खाली आलाय की रं. काळी चार दाबलीस तर पांढरी पाच बोलतोय."
कारण मला ठाऊक. ऑर्गनची मोटार करंटच्या सायकलवर (सेकंदाला पन्नास हेलकावे) पळते, मोटार पळेल तशी चाकं, चाकं फिरतील तसा सूर. स्टेशनातला काटा महिनाभर पन्नासाच्या खाली. धरणात पाणी नाही, सगळ्या राज्याचाच सूर उतरलाय म्हटलं. आप्पा खूप हसले.
ते गेल्यावर माझं हसू गेलं. गेल्या उन्हाळ्यात असाच उतरला होता, तेव्हा आक्का पहिल्या ओळीलाच थांबली होती. "खाली वाजालाय, कानाला टोचालाय." ह्या वर्षी तक्रार नाही. बरोबर त्याच्यावर जाऊन बसते. म्हणजे ऑर्गनबरोबर तीही...

३ फेब्रु.
आज ड्यूटी नाही. मागचं आठवत बसलो. ऑर्गन आला त्याला आठ वर्षं होतील. बेळगावात कॅम्पातला एक क्लब अडगळ काढत होता. साहेबांच्या वेळचं धूड, दोन मजली पट्ट्या, आत उंदरांचा संसार. आप्पांच्या ट्रकात गवतात घालून आणला. आक्का दारात उभी. "कुणाची शवपेटी आणलीस रं?"
"पेटीच हाय. वाजनारी."
वायरिंग उकरून पहिला सूर निघाला तेव्हा ती जमिनीवर बसून हसली, मग पदर तोंडाला लावून रडली. वखारीत तंबाखूची पानं निवडताना बायकांत गाणारी ही. तिच्या त्या धुळीवर माझा डिप्लोमा झाला. साथीला तोवर सुपांची फडफड, बाकी काही नाही.
तेव्हापासून काळी चार म्हणजे आक्का. गल्लीत दुसऱ्या कुणा बाईचा तिथवर गळा पोचत नाही.

२४ फेब्रु.
बेळगाव. मोठ्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं, तपासायला तुकडा काढला. आवाज घोगरा कधीपासून? आक्का म्हणाली, थंडीपासून. मी मान हलवली, खरं तर मलाही नक्की माहीत नाही.
खडेबाजारात फिरलो. बुद्धपौर्णिमेला नेसायला पांढरी साडी घेतली, निळ्या काठाची. दुकानदार म्हणाला, अंगावरची हिरवी छान आहे. "ती गावाला जायची," आक्का म्हणाली. खरंच, बेळगाव असो की कोल्हापूर, ही हिरवीच. कुंदा घेऊन दिला. एक घास घेतला आणि माझी नजर चुकवून पुडी परत बांधली.

१० मार्च
जे नको तेच आलं. डॉक्टर: "स्वरयंत्र काढावं लागेल. लवकर काढलं तर बाई वाचतील." बोलणं? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. गळ्याला भोक राहणार, श्वास तिथून.
गाडीत सांगितलं. संकेश्वरपर्यंत खिडकीतून बघत राहिली. मग एवढंच, "म्हंजे मुकी करनार मला."

११ मार्च
सकाळीच ऑर्गनपाशी. "दे काळी चार."
चां. म्हटलं, सबंध. वरच्या जागेला थरथरली, पण बसली. माझ्याकडे बघून हसली. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? कुजका गळा काळी चारला लागतोय व्हय रं? त्या डाक्टरला काय कळतंय."
काटा काल अठ्ठेचाळीसच्या आसपास होता. आक्का, ही काळी चार नव्हे, असं म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, चहा घेतेस?
लाज वाटते.

१२ मार्च
सुमनला सगळं सांगितलं. ती शाळेला निघाली होती, डबा हातात. "म्हणजे ऑर्गन खोटं बोलतो आणि तुम्ही मान डोलावता."
म्हटलं, तू सांग तिला. म्हणाली, "मी गाण्यातली नव्हे. माझं ऐकतील का? सोनारानंच कान टोचावेत." बायकोचं बरोबर असलं की जास्तच राग येतो.

१८ मार्च
सांगायचं धाडस नाही म्हणून युक्ती केली. काळी चार सोडून शेजारची, एक सूर वरची पांढरी सहा धरली. करंट उतरलेला, म्हणजे तीच खरी काळी चार. आपोआप कळेल.
आक्कानं सुरुवातच केली नाही. "बोट कुठं ठेवालास? काळी चारवर ठेव."
तिला पट्ट्या डोळ्यांनी पाठ. ठेवलं बोट. गायली.

६ एप्रिल
सुमननं आक्काचा रुमाल दाखवला. रक्त. आक्का म्हणते, मिरची लागली. जेवण म्हणजे आता ताक आणि पातळ भात.
तरी संध्याकाळी गाणं आहेच. आणि खरं सांगायचं तर मला ते हवं असतं. वरच्या पट्ट्यांवर बासरीसारखा आवाज लावतो, कंप किंचित सोडतो, आणि तिचा घोगरा गळा त्यात असा मिसळतो की पूर्वी कधी मिसळला नव्हता. आजारपणात आवाज गोड झालाय म्हणायचं का? काय माणूस आहे मी.

१४ एप्रिल
जयंती. मिरवणुकीत आक्का चालली, घोषणा दिल्या नाहीत. वखारीतल्या जुन्या मैत्रिणी विचारत होत्या, पुनवंला गानार न्हवं? "गानार की. न गाऊन सांगते कुणाला?"

२२ एप्रिल
डॉक्टरांचा निरोप. अजून किती थांबणार.
आज मी हात जोडले. आक्का ऑर्गनवर हात ठेवून म्हणाली, "सौदा कर. पुनवंला गल्लीम्होरं काळी चारवर गाते. लागला न्हाय, तर दुसऱ्या दिशी गाडीत बसते. काप म्हनावं गळा. लागला, तर पुन्यांदा दवाखान्याचं नाव काढायचं न्हाय."
मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

८ मे
पौर्णिमेच्या संध्याकाळी लाइट जाणार, आमचंच वेळापत्रक. मंडपवाल्या रज्जाकचा जनरेटर ठरवला. तो विचारतो, साहेब, सायकल किती ठेवू? जनरेटरचं हे असं. स्क्रू पिळला की वेग वर, सैल केला की खाली. पन्नास ठेव म्हटलं तर खरी काळी चार. खाली ठेव म्हटलं तर आक्काची.
म्हणजे धरणाच्या हाती होतं ते आता माझ्या हाती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पन्नास ठेवला तर तिला सगळ्या गल्लीसमोर पाडायचं. खाली ठेवला तर टाळ्या पडतील, आणि पुढं दवाखान्याचं नाव काढायचं नाही.
आप्पांना सांगितलं. दुकानात गिऱ्हाईक होतं, मला बाहेर पोत्यांमागं नेलं. "येन माडतीयप्पा, काय करतोस बाबा? गाणं मोठं का माणूस?"
"तिला विचारा काय मोठं ते."
आप्पा गिऱ्हाइकाकडे परत गेले. त्यांचाही तबला तिच्यावाचून पोरका होणार.

१४ मे
ठरलं. पन्नास. रज्जाकला सांगून आलो. कुणी काही म्हटलं तरी हलवू नको, असंही बजावलं. घरी आलो तर आक्का नव्या साडीला इस्त्री करत होती, खोकत.

१५ मे, पौर्णिमा
हे लिहिलं पाहिजे.
वंदना झाली, खीर वाटली. ट्यूबा लख्ख. आक्का माइकसमोर, पांढरी साडी, निळा काठ. मी काळी चार धरली. कित्येक महिन्यांनी खरी काळी चार ऐकली, अंगावर काटा आला.
पहिली ओळ कशीबशी. दुसरीत आवाज चिरला. तिनं परत घेतली. परत चिरला. पुढं बसलेल्या वखारीतल्या बायका खाली बघू लागल्या. एक पोरगं हसलं, त्याच्या आईनं त्याला चापट मारली. आप्पांचा हात डग्ग्यावर नुसता ठेवलेला. मला वाटलं, संपलं, आता हिला घेऊन घरी जाऊ.
आक्का माइक सोडून माझ्याकडे आली. वाकली. मला वाटलं रडणार. कानात म्हणाली, "खाली घे की रं."
मी पट्ट्यांकडे बघत म्हणालो, कुठल्या पट्टीत?
"पट्टी ऱ्हाऊ दे. जनरेटर खाली घे. रोजच्यावानी."
रोजच्यासारखा. म्हणजे हिला माहीत होतं. कधीपासून? अर्थात माहीत असणार, आपला गळा कुठं लागतो हे गाणाऱ्या बाईला ऑर्गननं सांगावं लागतं का? मीच गाढव.
उठलो. रज्जाक म्हणाला, तुम्हीच तर हलवू नको म्हणालात. स्क्रू मीच सैल केला. ट्यूबा फडफडल्या, बल्ब पिवळे पडले, लोकांना वाटलं जनरेटर बिघडला. कानानं शोधत गेलो, पांढरी पाच, त्याच्याही खाली, काळी तीन. आक्कानं तिथं मान डोलावली. आप्पा हातोडीनं तबला उतरवत होते, डोळे पुसत.
आणि ती गायली. चां. सगळं. मग भीमाची दोन. पिवळ्या उजेडात. मी आजवर एवढं सुंदर वाजवलेलं नाही, ह्यापुढं वाजवणार नाही. वखारीतल्या म्हाताऱ्या हमसून रडत होत्या.

१६ मे
आक्का झोपून. अंगात ताप. दुपारी म्हटलं, ठरल्याप्रमाणं?
"ठरल्यापरमानं लागला की."
"खाली घेतल्यावर लागला. काळी तीनला."
"बोट कुठं हुतं तुझं? काळी चारवर."
तिला हसू आलं, मलाही, आणि मग ती खोकत राहिली. सुमन आत येऊन म्हणाली, "तुम्ही दोघं मिळून मरा आता," आणि पाणी देऊन गेली. सुमनला इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. स्वयंपाकघरात रडत होती.
आक्काला विचारलं, कळत होतं तर बोलली का नाहीस? "तू माझ्यासाठी खोटं वाजवतोस, ते ग्वाड वाटायचं. तुझं मन कशाला मोडू म्हटलं."

१७ मे
सकाळी आप्पांकडून हातपेटी आणली. भात्याच्या हवेला सायकल नसते. आक्कासमोर ठेवली.
"ही कशापायी?"
"ही खरं बोलते."
काळी चार धरली. भाता मी मारत होतो, ती ऐकत होती. मग तोंड उघडलं. शोधत राहिली. खालून गेली, निसटली, पुन्हा आली. मी मधे थांबलो नाही. शेवटी तिनंच हात वर केला.
"लागला?"
जन्मात आक्काला मी नाही म्हटलेलं नाही. तिनं फी दिली, हो म्हटलं. तिनं सुमन पसंत केली, हो म्हटलं. सौदा केला, हो म्हटलं.
"न्हाय, आक्का."
ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. मग पेटीचा भाता स्वतःच्या हातानं मिटला, खिटी लावली, आणि टॉवेल घेऊन न्हाणीत गेली.
बेळगावची गाडी थोड्या वेळात आहे. सुमननं पिशवी भरून दाराशी ठेवलीय. आप्पा बाहेर कट्ट्यावर बसलेत. मी इथं लिहितोय, कारण दुसरं काही सुचत नाही.
न्हाणीत पाणी पडतंय. नुसतं पाणी, गुणगुणणं नाही.
न्हाणीबाहेरच्या दोरीवर दोन साड्या टाकून गेलीय. घरातली विटकी आणि गावाला जायची हिरवी. दाराच्या फटीतून हात येईल तेव्हा कुठली ओढते ते बघायचं.