नमुन्याच्या दिवशीचा डबा

साहेब, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की ऑफिसातल्या निम्म्या लोकांनी तुम्हाला पाहिलेलंही नाही. मी मात्र अजून तुमच्याच खुर्चीत बसते, खरेदी अधिकारी म्हणून, आणि येत्या उन्हाळ्यात निवृत्त होते. तुम्हाला काही लिहावं असं आजवर वाटलं नव्हतं. नव्या मालाला हात लावला की तुम्ही आठवायचात, जे सांगायचं ते तेव्हाच मनातल्या मनात सांगून व्हायचं. आता हात लावला की दुसरंच काही आठवतं, म्हणून लिहायला बसले आहे.

मी या खात्यात आले तेव्हा कशी होते, ते तुम्हीच सगळ्यांना रंगवून सांगायचात. नन्सच्या शाळेत शिकलेली, मराठी बोलताना मधेच अडणारी, आई नसलेली मुलगी, बुलढाण्यात भाड्याच्या खोलीत एकटी. सकाळी स्टोव्हवर चहा व्हायचा आणि दुपारी टेबलाच्या खणातली बिस्किटं. आपलं काम वसतिगृहांसाठी खरेदी करण्याचं: चादरी, सतरंज्या, ब्लँकेटं, ताटं-वाट्या. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला गोदामात ब्लँकेटांच्या थप्पीपुढे उभं केलंत. "डोयानं नको पाहू, पोरी. डोये मिट अन् हात फिरव. मुठीत दाब, सोड, कसं फुलते ते पाय." मी डोळे मिटते, हात फिरवते, आणि खरंच, आधी सारखी दिसणारी दोन ब्लँकेटं हाताला वेगळी लागतात. "हात लावल्याबिगर सही नाही," तुम्ही म्हणता, "कोणाचाही फोन येऊ दे." मला वडिलांनी सायकल शिकवली नव्हती, पोहायला शिकवलं नव्हतं. त्या दिवशी कुणीतरी मला काहीतरी शिकवत होतं आणि माझ्या शिकण्यावर खूश होत होतं. पुढे पुरवठादार आले की तुम्ही मला बोलावून घ्यायचात आणि त्यांच्यादेखत म्हणायचात, "हे पोट्टी सख्ख्या बापालेही नमुन्यासोबत ताडून पाहीन. सांभाळून राहा." ते हसायचे. मी मान खाली घालून टेबलाशी यायचे आणि दिवसभर हवेत असायचे.

आपल्या कामात नमुना हा शेवटचा शब्द. समिती पुरवठादारांच्या नमुन्यांतून एक निवडायची. तो मांजरपाटात गुंडाळायचा, सुतळीनं बांधायचा, गाठीवर लाख ओतून मोहर करायची आणि कापडावर आपल्या दोघांच्या सह्या. मग तो गोदामाच्या कपाटात. काही महिन्यांनी माल आला की मोहर फोडायची, नमुना बाहेर काढायचा आणि मालाशेजारी ठेवून ताडायचा. जुळला तर पास, नाही तर परत. ताडण्याचं काम माझं होतं आणि त्यात मी कधी कुणाची गय केली नाही. सुटा धागा दिसला तरी गाडी परत फिरवली आहे.

समितीची बैठक संपायची ती बरोबर जेवणाच्या वेळेला. तुम्ही पिशवीतून दुसरा डबा काढायचात. "तुह्या काकूनं देल्ला. जाय, मांगच्या खोलीत निवांत बस. चार माणसाइत बाईमाणसाले घास जात नाही." मी म्हणायचे, "साहेब, आधी नमुना बांधून टाकू." त्यावर तुमचं ठरलेलं, "कागदं अन् कापडं कोठी पळून नाही चालले. मी गुंडाळून ठेवतो, तू फक्त सही कर." मागच्या खोलीत खिडकीशी एक बाक होतं. डब्यात ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी वांग्याची भाजी, तिच्यावर तर्री. शाळेची सवय म्हणून मी डोळे मिटून जेवणाआधीची प्रार्थना म्हणायचे, आणि शेवटी तुमचं आणि काकूंचं नाव त्यात घालायचे. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

एकदाच मी भाकरी अर्धी टाकून बाहेर आले होते. लाख कुठं ठेवली ते विचारायचं होतं. तुम्ही दारातच अडवलंत. आवाज चढला होता. "अन्नावरून उठतं? हेच शिकवलं का तुह्या शाळेनं?" मला इतकी लाज वाटली की मी परत जाऊन शेवटचा तुकडासुद्धा संपवला. त्या रागावण्यात मला घरचा माणूस दिसला, साहेब. घरचेच असं रागावतात, असं वाटलं.

मागच्या महिन्यात जानेफळला एका लग्नाला गेले होते. पंगतीत शेजारी एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले. "मॅडम, वयखलं का?" आवाजावरून ओळखलं. तुमच्या वेळी ब्लँकेटांचा पुरवठा करायचे ते. आता धंदा मुलाकडे आहे. तुमचा विषय निघाला तसे ते खुलले. "काय माणूस होता हो! देव माणूस. अन् डोकं! तुमी मांगं जेवाले बसल्या का आपलं काम सुरू. समितीनं पाह्यलेलं भारी ब्लँकेट मी पिशवीत घालो, अन् माह्याजवळचं हलकं साहेब मांजरपाटात गुंडाळत. तुमी येईपावतर लाख बी तयार." मी वाढप्याला नको म्हणत होते, तो हात तसाच ताटावर राहिला. त्यांचं चालूच होतं. "एक डाव मी घाई करून राह्यलो होतो, तं दाराच्या फटीतून पाहून मले म्हणते, ‘थांब बे, घाई काऊन करतं? पोरगी आजून डोये मिटून हाये.’" आणि ते मनापासून हसले. माझा चेहरा पाहून मग जरा थबकले. "म्हंजे? तुमाले माईत नव्हतं? आमी तं समजो का तुमी सामील हायेत. म्हणूनच तं जेवाले जाता."

म्हणजे मी वर्षानुवर्षं जो नमुना मोहर फोडून बाहेर काढला, जो डोळे मिटून हातानं चाचपला, तो मुळातच हलका होता. माल त्याच्याशी जुळायचा, कारण दोन्ही एकाच गठ्ठ्यातले. माझ्या हाताला कधी कधी कळायचंही. समितीपुढे हे जरा दाट होतं ना, असं मनात यायचं. मग मी स्वतःलाच दटावायचे की कापडावर साहेबांची सही आहे, माझी सही आहे, मोहर शाबूत आहे. एका हिवाळ्यात मेहकर तालुक्यातल्या मुलींच्या वसतिगृहात गेले होते. एक मुलगी मला सांगते आहे, "मॅडम, आम्ही दोघी दोघी एका जागी निजतो. दोन ब्लँकेटं एकावर एक घेतली का मंग थंडी वाजत नाही." आणि मी, खात्याची कडक बाई, तिला समजावते आहे की माल नमुन्याप्रमाणेच आहे.

आता कळतं की तुम्हाला माझ्यासारखीच कुणीतरी हवी होती. लाचखाऊ बाईच्या सहीवर कुणी विश्वास ठेवला नसता. मला प्रामाणिक राहायला तुम्ही शिकवलंत, चारचौघांत माझं नाव मोठं केलंत, आणि त्या नावाआड तुमचा व्यवहार बिनघोर चालला. हेही मी कदाचित गिळलं असतं. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढली आहेत, माणसं काय काय करतात ते पाहिलं आहे. पण तो डबा माझ्या घशात अडकला. मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. नमुना नव्हता, बैठक नव्हती, अशा एखाद्या साध्या मंगळवारी-बुधवारी तुम्ही मला डबा दिला होता का? मी रात्रंदिवस आठवत राहिले. एक दिवस आठवला असता तरी मी तुम्हाला बरंच माफ केलं असतं. पण मला साध्या दिवसांची बिस्किटंच आठवतात.

म्हणून परवा मेहकरला काकूंकडे गेले, हल्ली त्या तिथं मुलाकडे असतात. त्या आता फार थकल्यात, कानांनी कमी ऐकू येतं, पण मला दारातच ओळखलं. ओट्याला धरून उभ्या राहिल्या आणि स्वतः भाकरी थापली, सुनेला हात लावू दिला नाही. मी जेवता जेवता सहज विचारल्यासारखं विचारलं, "काकू, तुम्ही माझ्यासाठी डबा द्यायच्या, तो कोणत्या दिवशी द्यायच्या, आठवतं का?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "कोणत्या दिवशी म्हंजे? रोजच. तू एकटी राहे, पोरीची जात, म्हणून मी रोज दोन डबे भरू. तुह्यावाला कधीमधीच रिकामा ये. बाकीच्या दिवशी तसाच वापस. मी ह्यायले विचारलं, तं म्हणत, ‘इंग्रजी शाळेतली हाये, तिले आपलं जेवण रोज रोज गोड लागत नसन.’" मग भाकरीचं पीठ लागलेला हात माझ्या गुडघ्यावर ठेवून त्यांनी विचारलं, "आता तं सांग. माह्या हातचं आवडे नाही का वं तुले?"

साहेब, डबा रोज निघत होता. तुमच्या पिशवीत, माझ्या टेबलापासून हातभर अंतरावर, तो दिवसभर बंद राहत होता आणि मी बिस्किटं खात होते. का? रोज दिला असता तर त्याचं अप्रूप संपलं असतं आणि मी तो टेबलावरच उरकून मोकळी झाले असते, म्हणून? की इतका विचारही केला नव्हता तुम्ही, काम नव्हतं म्हणून डबा काढला नाही, एवढंच?

काकू उत्तराची वाट पाहत होत्या. मी म्हटलं, "तसं नाही हो काकू. मला उपास असायचे. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. साहेबांना सांगायला संकोच वाटायचा." त्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "येवढे उपास! अन् शिकली कोठी, तं नन्सच्या शाळेत!" इतक्या वर्षांचं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावरून उतरलं. मला आणखी अर्धी भाकरी खावी लागली.

हे पत्र कुठं पाठवायचं झालं तर तुमचा पत्ता म्हणून काकूंचाच पत्ता आहे, आणि त्यांना चष्मा लावून वाचता येतं. त्यामुळे ते माझ्याकडेच राहील. परतीच्या बसमध्ये मी स्वतःला सांगत होते की म्हाताऱ्या बाईचं मन राखायला खोटं बोलले. ते खरं आहे. पण सगळं खरं नाही. सोमवार-गुरुवार मोजून दाखवताना त्यांच्यासमोर तुमचं नाव खराब होऊ नये, हीही काळजी मला होती.