काळा शेला

वायादोलिद, २ ऑगस्ट १९८५

ती. स्व. लेओकादिया मावशीस,
बेनिल्देचा शि. सा. न. वि. वि.

एका प्रश्नाचं उत्तर मला सापडत नाही, आणि एवढं शिकूनही सापडत नाही याचा संकोच वाटतो. तीनशे माणसं एकमेकांशी न बोलता, एकाच वेळी गप्प राहायचं कसं ठरवतात?

परवा सातुरदादा इथे आला होता. बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं. गेल्या वर्षी जत्रेच्या दिवशी टेकडीवरच्या चॅपेलचं दार आतून लावून तू मातेच्या मूर्तीला जो शेला चढवलास, तो निळा नव्हता. गुड फ्रायडेचा काळा होता. पालखी बाहेर आली तेव्हा लोकांना वाटलं, कोणीतरी गेलं. मग तुझ्या तृप्त चेहऱ्याकडे बघून त्यांना उलगडा झाला, की तुला रंगच दिसला नव्हता. अंजिराच्या वळणावर सनई थांबली, पुरुषांनी टोप्या काढल्या, बायकांनी रंगीत रुमाल खिशात घातले. तुला कळू नये म्हणून साऱ्या गावाने सुतक पाळलं. दादा म्हणतो, खांद्यावर पालखी होती म्हणून बरं, नाहीतर तिथेच बसलो असतो.

तुझ्यापासून हे लपवणं मला जमणार नाही, म्हणून लिहिते. डोळे दाखवून घे. चॅपेलची चावी आणि मातेला सजवायचं काम घेशील का असं तू इस्टरला विचारलंस, तेव्हापासून मी विचार करते आहे. माझी श्रद्धा आहे की नाही, हेच मला ठाऊक नाही. अशा हातांनी मातेला शेला चढवणं ढोंग होईल. रागावू नकोस. माया आहे तशीच राहू दे.

तुझी
बेनिल्दे

वाल्देसेदो, ११ ऑगस्ट १९८५

चि. बेनिल्देस अनेक आशीर्वाद.

घरातली पहिली पदवीधर तू, आणि बातमी पाठवतेस वर्षभर शिळी. अगं, मला अंजिराच्या वळणावरच कळलं होतं. फ्रोइलान जेवतानासुद्धा सनई खाली ठेवत नाही. तो थांबला तशी मी वर पाहिलं. उन्हात शेला काळाकुट्ट. पण सगळे इतकं जपून, इतक्या मायेने चालले होते, की मी बोलले असते तर त्यांचा विरस झाला असता. मग मीही गप्प. घरी येऊन मात्र पोटभर हसले, आणि मग रडले.

मोतीबिंदूच निघाला. पाच सप्टेंबरला सोरियाच्या इस्पितळात जायचं आहे, म्हणजे आठ तारखेच्या जत्रेला मी नाही. कोणी चावी घेतली नाही तर पाद्रीबाबा मातेला शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये नेऊन काचेमागे ठेवणार. माणूस वाईट नाही, पण काच ती काचच.

तुझ्या श्रद्धेबद्दल विचारलं कोणी? मातेने मला सत्तेचाळीस वर्षांत एकदाही विचारलेलं नाही. तोंडात टाचण्या धरून तासभर न बोलता राहता येईल का, तेवढं सांग. तुला जड जाईल.

चावीवालीलाच सांगायची एक गोष्ट आज सांगते. शेल्याखाली अंग नाही. चेहरा, दोन हात, आणि मध्ये नुसत्या लाकडी पट्ट्या. त्यांवर आपल्या घरच्या प्रत्येक सजवणारीने आपल्या लग्नाच्या कपड्याची चिंधी बांधली आहे. एकदा बांधली, की हात चालतील तोवर सुटका नाही. तेव्हा विचार करून ये. चावी पिठाच्या डब्यात आहे.

तुझी मावशी

वाल्देसेदो, ९ सप्टेंबर १९८५

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

डोळ्यांवरची पट्टी निघाली की हे तू स्वतः वाच, नर्सकडून वाचून घेऊ नकोस.

शेला निळाच होता, उजेडात नेऊन दोनदा पाहिला. तरी अंजिराच्या वळणावर सनई थांबली. टोप्या निघाल्या, रुमाल खिशात गेले, आणि गावात शिरेपर्यंत फक्त पावलांचा आवाज. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. नंतर विचारलं, तर फ्रोइलान म्हणाला दम लागला, दादा म्हणाला ऊन होतं. प्रश्नाचं उत्तर मात्र अजूनही सापडलं नाही.

पण त्याआधीचं सांगायचं राहिलं. सकाळी दार लावून मी जुना शेला उतरवला आणि तशीच उभी राहिले. लहानपणापासून जिच्यापुढे मान वर करायची भीती वाटली, ती अकरा बायकांच्या चिंध्या पोटाशी धरून उभी होती. सगळ्यात जुनी आता धाग्याएवढी उरली आहे. तिला हात लावायचा धीर झाला नाही. तोंडात टाचण्या होत्या, पण बोलण्यासारखं काही नव्हतंच.

माझं लग्न झालेलं नाही, याची आठवण तू एरवी दर पत्रात देतेसच. म्हणून पदवीदानाला खांद्यावर घेतलेल्या पिवळ्या पट्ट्याचं टोक कापलं आणि तुझ्या चिंधीशेजारी बांधलं. गाठी दोन मारल्या आहेत.

तुझी
बेनिल्दे