धाकटीचं भांडवल

३ मार्च, मंगळवार

पाचही बुडाल्या! आमच्या मोटारींच्या खेळात खेळणाऱ्यासमोर पाच कंपन्या उभ्या असतात. त्या संगणक चालवतो. त्यांनी किती भांडवलावर सुरुवात करायची हे ठरवायचा मला पगार मिळतो. काल जास्त दिलं, तर त्यांनी दुसऱ्याच वर्षी खेळणाऱ्याला गिळलं. आज कमी दिलं, तर पहिली गाडी बाहेर यायच्या आत कारखान्याला टाळं. साहेब म्हणतात, "टक्कर पाहिजे. कत्तल नको, आणि अंत्ययात्राही नको." बोलायला काय जातंय!

घरी आलो, तर लेक दारातच. तिला स्वतःचं गॅरेज काढायचंय. जागा बघून ठेवलीय, मालक सोमवारपर्यंत थांबेल. "बाबा, भांडवल देतोस?"

इथेही तेच!

५ मार्च, गुरुवार

थोरलीला (कंपन्यांची नावं मीच ठेवलीत — थोरली ते धाकटी) दुप्पट देऊन पाहिलं. बाईंनी एकही गाडी न बनवता आधी सात मजली मुख्यालय बांधलं! थेट मेहुणा. त्याच्या दुकानात गिऱ्हाईक यायच्या आधी दारात कारंजं आलं होतं.

(ही वही बायकोच्या हाती लागता कामा नये.)

६ मार्च, शुक्रवार

सापडलं! सगळ्यात कमी धाकटीला दिलं होतं, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. आणि पठ्ठी दहा वर्षं टिकली! रडतखडत, पण टिकली.

जेवताना व्याख्यान दिलं. पैसा हातात आला की कारंजं सुचतं. नसला की अक्कल सुचते. या नोकरीआधी मी घरातल्या घरात धंदा सुरू केला तेव्हा काय होतं? रिकामा खिसा आणि एक खुर्ची!

"ती खुर्चीसुद्धा आईची होती," लेक म्हणाली.

तिला साफ नाही म्हणून सांगितलं. शून्यातून उभी राहा. ताटावरून उठली नाही, हे विशेष. पोटभर जेवली, मग रुसली. आईवर गेलीय.

आई वाढत राहिली.

७ मार्च, शनिवार

साहेब धाकटीवर बेहद्द खूश. "सगळ्यांना तेवढंच द्या!" दिलं. दुपारच्या चहापर्यंत चौघी गाळात. धाकटी एकटी ठणठणीत. हिने काय जादूटोणा केलाय?

लेकीचा अबोला चालू. मीठ हवं तरी आईमार्फत मागते.

८ मार्च, रविवार

न राहवून प्रोग्रामर बाईंना फोन केला. आधी खुदकन हसल्या. "अय्या सर, ते राहिलंच की काढायचं! धाकटी बुडाली की माझं टेस्टिंग अडायचं. म्हणून बुधवारी तिच्यापुरती एक ओळ घातली होती. तिजोरी तळाला लागली की गुपचूप थोडे पैसे येतात. कुठे दिसत नाहीत."

"त्या ओळीला नाव काय दिलंत?"

"माहेर."

पोट धरून हसलो. बायकोला जाऊन सांगितलं. ती हसली नाही.

"अहो, तुमच्या धंद्याला पहिली दोन वर्षं गिऱ्हाईक किती होती?"

"एक. तेही उधारीवर."

"मग घरभाडं कोण भरत होतं?"

"तूच की. शिकवण्या घेऊन."

"शिकवणीला दोन पोरं होती," ती म्हणाली. "त्यातला एक माझा भाचा. फुकट."

९ मार्च, सोमवार

मेहुणा! घरभाडं दर महिन्याला त्याच्याकडून. दोन वर्षं. आणि एका शब्दाने बोलला नाही कधी.

सकाळी लेकीबरोबर जागेच्या मालकाकडे जाऊन पैसे देऊन आलो. ऑफिसात 'माहेर' पाचही जणींना लावलं. मग मेहुण्याला फोन केला. तो "हॅलो, हॅलो" करत राहिला.

शेवटी विचारलं, "कारंजं चालू आहे ना?"