आठवा लागला

ता. ४ मार्च

सौ. विहीणबाईंस,
स. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते आहे. तुमचा फोन नेहमी पोरीच्या हातात असतो आणि हे तिच्या कानावर जायला नको. माझं अक्षर लावून लावून वाचा. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर पेन धरलं ते वाण्याची यादी करायलाच.

परवा मी विमानतळाबाहेर कठड्याला धरून उभी होते. माणसं आली, ट्रॉल्या आल्या, शेवटी झाडूवाला आला. पोरगी नाही. मग जावईबापूंचा फोन, की काउंटरवरच अडवलं. का, तर तिथल्या मुलीने कितवा महिना म्हणून विचारलं आणि तुम्ही मध्येच सांगितलंत, आठवा. अहो, सात भरलेत. आठवा नुकता कुठे लागलाय. डॉक्टरांची चिठ्ठी होती, चिठ्ठीत सगळं बरोबर होतं. तुम्हाला कोणी विचारलं होतं?

मला आडून बोलता येत नाही. चुकून म्हणालात की मुद्दाम? पहिलं नातवंड आपल्या घरात यावं असं कुणालाही वाटेल. मलाही वाटतं, म्हणून तर तिकीट मी पाठवलं, धुलाईघरातून रजा घेतली, खोली रंगवली. मागच्या वेळी तिचं पाचव्यात गेलं, तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. भिंतीकडे तोंड करून पडली होती. या वेळी तिला नजरेसमोर ठेवायची, असं मी ठरवलं होतं.

उत्तर गोल गोल नको. लोभ ठेवायचा की नाही ते तुमच्या पत्रावर.

तुमची विहीण


ता. ११ मार्च

सौ. विहीणबाईंना,
सप्रेम नमस्कार. वि. वि.

पत्र दुकानात मिळालं. हातात शाळेचे गणवेश होते. मन थाऱ्यावर नसलं की माझी शिवण वाकडी जाते, म्हणून मशीन बंद करून लिहायला बसले.

तिला सोडायला पास काढून काउंटरपर्यंत गेले होते, आणि आठवा मीच म्हणाले. मी लागलेला महिना सांगते, तुम्ही भरलेला सांगता. काउंटरवरच्या मुलीला वाटलं आठ भरले, आणि तेवढे भरल्यावर विमानात घेत नाहीत म्हणे. चिठ्ठीत निराळंच. तिने साहेबांना बोलावलं. ते चांगले होते हो, आवाजही चढवला नाही. त्यांनी सूनबाईलाच विचारलं, की चिठ्ठी खरी की या बाई. माझी चूक माझ्या लक्षात आली होती, मी बोलणारच होते. तेवढ्यात तिने माझा हात दाबला आणि म्हणाली, “आई म्हणतात तेच बरोबर.”

मग मी गप्प बसले. हे मुद्दाम म्हणायचं असेल तर म्हणा.

घरी येऊन ती जी झोपली ती दिवे लागल्यावरच उठली. तुमचं तिकीट आल्यापासून तिला झोप नव्हती. बॅग भरायची, उपसायची. विमानाने काही होणार नाही ना, हे डॉक्टरांना तिने इतकेदा विचारलं की ते हसायला लागले. पण भीतीला कान नसतात. मी म्हटलं, मग आईला तसं सांग की. तर म्हणाली, आईला नाही म्हणायचं म्हणजे चालू इस्त्रीवर हात ठेवायचा.

हे तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं. मी कळवलं. रागावायचं तर माझ्यावर रागवा, तिच्यावर नको. आणि लोभ असू द्या, मला त्याची गरज आहे.

तुमची विहीण


ता. १९ मार्च

सौ. विहीणबाईंस,
स. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणून. मुद्दाम म्हणाले ते मागे घेते.

इस्त्रीचं खरं आहे. धुलाईघरातल्या पोरी माझ्या मागे मला वाफ म्हणतात. त्यांना वाटतं मला माहीत नाही.

पण एक सांगते. पोरगी तुम्हाला ‘आई म्हणतात’ म्हणते आणि मला ‘आई म्हणते’. त्या ‘म्हणतात’च्या आड तिला लपता आलं. माझ्या ‘म्हणते’च्या आड कशी लपणार? तिथे मीच उभी असते, कमरेवर हात ठेवून.

आता असं. ती येत नाही, तर मी येते. बसने दोन रात्री कंबर मोडून घ्यायची नाही, विमानानेच येईन. कधी बसले नाही, पण खाली बघायची सक्ती नसेल. फक्त आधी तिला विचारा, येऊ का. मी विचारलं तर हो म्हणेल, आणि त्या हो मध्ये दम नसेल. तुम्ही विचारा. नको म्हणाली तर तसंच लिहा, साखर लावू नका. मी जेवण टाकून बसणार नाही.

उत्तराला उशीर नको. बाकी लोभ परत केला आहे.

तुमची विहीण


ता. २७ मार्च

सौ. विहीणबाईंना,
सप्रेम नमस्कार. वि. वि.

विचारलं. तेव्हा ती दुधाचं पातेलं घासत होती. ते घासून झालं, उपडं घातलं, हात पुसले, मग म्हणाली, “ये म्हणावं. पण काय करायचं ते सांगू नको म्हणावं.”

बोलली तसं उतरवलं आहे, पदरचं काही घातलेलं नाही. थोड्या वेळाने परत आली आणि म्हणाली, धुलाईघरातल्या जुन्या मऊ चादरी आण म्हणावं, बाळाला. मी म्हटलं, हे तर सांगणंच झालं. तर हसली. पुष्कळ दिवसांनी.

विमानात कानाला दडे बसले तर आवंढा गिळत राहा. तुम्हाला इथेही तो गिळावा लागेलच, तेव्हा सराव होईल. राग नसावा. वाट पाहत आहोत, त्यातच लोभ आला.

तुमची विहीण


ता. २३ सप्टेंबर

सौ. विहीणबाईंस,
स. न. वि. वि.

पोरीचं पत्र आलं. तिने स्वतःहून लिहिलंय की बाळाला घेऊन येते, विमानाने, आणि सोबतीला तुम्ही. तिकिटंही तिनेच काढली. मला फक्त तारीख कळवली. मी आधी रागावले, मग खोलीच्या खिडक्या पुसायला घेतल्या.

तुमच्याकडे इतके दिवस राहिले आणि तिला एक शब्द सांगितला नाही, असं इथे सगळ्यांना ऐकवते. तुम्ही साक्षीला होता, तेव्हा आल्यावर तोंड उघडू नका. कळा आल्या तेव्हा तिने एक हात तुम्हाला दिला, एक मला. माझा असा दाबला की नंतर चार दिवस त्या हाताने चादरीची घडी नीट पडेना. तेव्हा बोलले नाही. आता सांगते आहे, कारण तक्रार नाही.

मी तुमच्याकडे येताना शेजारच्या बाईचं तान्हं विमान उतरायला लागल्यावर फार रडलं. तिने पाजायला घेतलं तसं गप्प झालं. गिळलं की कान सुटतात. तेव्हा पोरीला बजावून ठेवा, की… नाही, राहू द्या. तिला ठाऊक असेल.

एकच मागणं आहे. काउंटरवर बाळ केवढं म्हणून विचारतील. तुम्ही पाचवा म्हणाल. मी असते तर चार भरले म्हणाले असते. तुम्ही बाजूला उभ्या राहा, बॅग धरा. पोरीला सांगू द्या. ती म्हणते तेच बरोबर.

मी कठड्याला धरून उभी असेन. लोभाचं आता वेगळं काय लिहू, येताय ना.

तुमची विहीण,
वाफ