गालावरचा पिवळा

१२ जानेवारी
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. भावजींच्या यकृतानं हात टेकले, फार दिवस नाहीत, हे डॉक्टरांचं म्हणणं तू दोन ओळींत उरकलंस. आणि त्यांची चित्रं काढायला घेतलीस, हे दोन पानांत. अलंकारशास्त्रात याला काय म्हणतात ते शोधतो आहे. सापडेपर्यंत नुसता राग स्वीकार.

आजवर तू निळ्या-करड्यापलीकडे गेली नाहीस. पिवळा म्हणजे तुझ्या मते आरडाओरडा. आणि आता नवरा काविळीनं पिवळा पडल्यावर त्या रंगाची गोडी लागावी? आजारी माणूस म्हणजे फळांची टोपली नव्हे, ताई. बंद कर हे. उशाशी नुसती बस.

धाकट्यानं फार बोललो. कान उपटण्यापुरती तरी माया असू दे.
तुझा,
पंडित

१९ जानेवारी
चि. पंडितास अनेक आशीर्वाद.

कान पुढे कर. चित्राचा हट्ट यांचाच. जन्मभर शिवणकाम केलेला माणूस. कापडाला दोरा जुळला नाही तर उसवणारा. पहिल्या दिवशी मी यांचा चेहरा पूर्वीसारखा गव्हाळ रंगवला. बघून म्हणाले, हा कोण पाहुणा? मला काढ.

माझी रीत तुला ठाऊक आहे. रंग कालवायचा आणि त्याचा पट्टा थेट समोरच्या माणसाच्या गालावर ओढून बघायचा. परवा एक पिवळा फारच गडद झाला, आणि मी तो पुसायला विसरले. डॉक्टर आले, गाल बघून त्यांचाच चेहरा उतरला. रक्त काढायची तयारी सुरू झाली. हे इतके हसले की ठसका लागला.

पण तुझं पत्र टोचलं. या रंगानं मला असा आनंद होतो, जसा कित्येक वर्षांत कामात झाला नव्हता. तो कशाच्या जिवावर होतो, तेही कळतं. म्हणून तुझं ऐकते. आजपासून कुंचला बंद.
तुझी,
ताई

२ फेब्रुवारी
चि. पंडितास अ. आ.

तुझं ऐकलं, आणि यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. जेवण नाही, बोलणं नाही. शेवटी म्हणाले, रंग कालवायचीस तेव्हा माझ्याकडे बघायचीस; आता नुसती औषधाची वेळ बघतेस.

पुन्हा कुंचला घेतला. डॉक्टरांना घाबरवणारा तो गडद पिवळा वाटीत तसाच होता. आज गालाला लावला, तर दिसेनाच. पट्टा कुठे संपतो आणि गाल कुठे सुरू होतो, मलाच कळेना. यांनी विचारलं, जुळला? म्हटलं, जुळला. म्हणाले, मग आता उसवू नकोस.

राग आला तर येऊ दे. लोभ तेवढा आटू देऊ नकोस.
ताई

२५ फेब्रुवारी
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भावजींना पोचवून परत आलो, पण घरात मन रमत नाही. निघताना तू पाणी आणायला गेलीस, तेवढ्यात मी ती चित्रं पाहिली. शेवटच्यात चेहरा अर्धाच आहे. इतकं शास्त्र घोकलं, पण त्यापुढे एक शब्द सुचला नाही. तुझी भावजय म्हणते, हे आधीच व्हायला हवं होतं.

त्या खोलीत एकटी राहू नकोस. इकडे ये. मागची खोली रिकामी केली आहे. रंग आण, हवे तेवढे आण. बंद कर, असं आता कोण म्हणतंय?
तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
पंडित

६ मार्च
चि. पंडितास अ. आ.

येत नाही. भावजयीला सांग, रुसू नकोस.

तो अर्धा चेहरा पुरा करणार नाही. आठवणीतून केला, तर पुन्हा पाहुणाच निघेल. आता रिकामी गादी काढते आहे. सकाळचं ऊन तिच्यावर येतं, तेव्हा बसते. चादरीत खोलगट जागा आहे, तिथल्या सावलीलाही पिवळा लागतो. करडा लावून पाहिला. खोटा वाटला, उसवला.

काम चांगलं होतंय, पंडित. इतकं चांगलं कधीच झालं नव्हतं. हे लिहिताना मान खाली जाते, आणि तरी उद्या उजाडायची घाई असते. कुणाला सांगू नकोस. चादर धुवायला बाई मागतात, मी देत नाही.
तुझीच,
ताई